हिशेबाची चावी कोणाच्या कनवटीला?

कुर्डुवाडीच्या जिल्हा बैठकीपुढे या वेळी कापसाच्या भावाचा विषय आहे, ज्वारीच्या खरेदीचा आहे आणि सर्वांत शेवटी एक विषय आहे : 'उत्पादक कंपन्यांसाठी संगणकावरील हिशेबाची पद्धत ठरविणे.' विषयपत्रिकेवर शेवटी टाकलेला विषय बहुधा चहाच्या कपाबरोबर उरकला जातो. या विषयाचे तसे होऊ नये, म्हणून हा अग्रलेख त्याच विषयावर लिहीत आहोत.

शेतकऱ्याची लूट शेतात होत नाही, ती कागदावर होते. कापूस काट्यावर चढेपर्यंत शेतकऱ्याचा असतो. काट्यावरून उतरला की तो पट्टीवरचा आकडा होतो. मग हमाली, तोलाई, अडत, कडता एकामागून एक वजा होत जातात आणि खाली जे उरेल ते मुकाट्याने खिशात घालायचे. सावकाराच्या वहीवर अंगठा उठविणाऱ्या आजोबांना वही वाचता येत नव्हती. नातू पदवीधर झाला, पण पट्टी हातात घेऊन त्याला तरी काय उलगडते? वही ज्याची, हिशेब त्याचा, हा नियम अजून मोडलेला नाही.

तो मोडण्याची एक वाट २००२ साली कायद्याने उघडली. डॉ. योगिंदर अलघ समितीच्या शिफारशीनंतर कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि 'उत्पादक कंपनी' हा प्रकार आला. दहा उत्पादकांनी एकत्र यावे, कंपनी काढावी. शेअर किती का असेनात, एका सभासदाला एकच मत. २०२० च्या दुरुस्तीने ही तरतूद २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात घेतली गेली. त्याच वर्षी केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटनांची योजना जाहीर केली. व्यवस्थापन खर्चासाठी एका कंपनीला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत आणि पाच वर्षे हात धरून चालविण्यासाठी नेमलेली एक संस्था, असा तिचा आराखडा होता. या पैशातून बऱ्याच ठिकाणी कार्यालय झाले, संगणक आला आणि संगणकाबरोबर कोणती तरी हिशेबाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअरही आले. ते कोणी निवडले? सभासदांनी नाही, बहुतेक ठिकाणी संचालकांनीही नाही. योजनेची वर्षे सरली, हात धरणारी संस्था निघून गेली आणि भाड्याचे बिल कंपनीच्या दारात आले, तर भाडे थकताच आपलाच हिशेब आपल्याला दिसेनासा होतो. वही आपली म्हणायची आणि चावी परक्याच्या कनवटीला, ही परिस्थिती जुन्या सावकारीपेक्षा फार वेगळी नाही.

आपला हिशेब दुकानदाराचा नव्हे

आधी आपल्याला नेमके काय लिहून ठेवायचे आहे ते पाहू. दुकानदाराला माल कोणाकडून घेतला याची उठाठेव बिल चुकते होईपर्यंतच असते. उत्पादक कंपनीचे तसे नाही. कायद्याप्रमाणे सभासदाने माल घातला की संचालक मंडळ ठरवेल ती किंमत त्याला आधी मिळते. काही किंमत राखून ठेवली असेल तर ती पुढे रोखीने, वस्तूने किंवा शेअरच्या रूपाने द्यायची. वर्षाअखेरी शिल्लक उरली तर तीतून बोनस. आणि तो शेअरच्या प्रमाणात नव्हे, तर ज्याने कंपनीशी जेवढा व्यवहार केला त्या प्रमाणात. म्हणजे कंपनीच्या सगळ्या न्यायाचा पाया एकच : कोणी, कधी, किती माल घातला याची चोख नोंद.

समजा, एका सभासदाने हंगामात २० क्विंटल कापूस तीन खेपांत घातला : ८, ७ आणि ५ क्विंटल. कंपनीने क्विंटलमागे १५० रुपये राखून ठेवले. त्याचे कंपनीकडे ३,००० रुपये झाले. आता ५ क्विंटलची शेवटची खेप घाईगर्दीत चुलतभावाच्या नावावर पडली, तर याचे ७५० रुपये गेले आणि बोनसचा हिस्साही गेला. भावाभावांत वाद झाला तो वेगळाच. कंपन्या मोडतात त्या नेहमी मोठ्या घोटाळ्याने मोडतात असे नाही. अशा साडेसातशे रुपयांनीही विश्वास उडतो आणि पुढच्या हंगामात गाडी पुन्हा जुन्या अडत्याकडे वळते.

त्यात कापसाची आणखी दोन प्रकरणे आहेत. एक ओलाव्याचे. कापूस महामंडळ हमीभाव ८ टक्के ओलाव्याला धरते आणि १२ टक्क्यांपर्यंत वाढत्या ओलाव्याप्रमाणे भाव कापते. तेव्हा वजनाशेजारी ओलावा लिहिला नसेल, तर कपात कोणाच्या मालाची आणि भरली कोणी, हे कळायला मार्ग उरत नाही. दुसरे कराचे. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत खरेदीदाराने जीएसटी स्वतः भरायचा, ही उलट आकारणी नोव्हेंबर २०१७ पासून आहे. कंपनी आपलीच असली तरी कायद्यापुढे ती खरेदीदारच. ज्वारीवर मोकळ्या पोत्यात कर नव्हता. वजन आणि नाव छापलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीत ती भरली की जुलै २०२२ पासून कर लागला. मालदांडी पिशवीत भरून पुण्याला विकायची असेल तर हे कळलेच पाहिजे.

आधी गरज, मग यंत्र

खरेदी, साठा, विक्री, सभासदांची खाती, पगार आणि जमाखर्च हे सगळे एकाच ठिकाणी, एकमेकांत गुंफून ठेवणाऱ्या पद्धतीला 'ईआरपी' म्हणतात. काट्यावर नोंद झाली की साठा वाढतो, सभासदाचे येणे वाढते आणि खतावणी आपोआप होते. एकच आकडा चार वह्यांत चारदा लिहावा लागत नाही.

पण प्रत्येक कंपनीला हे हवेच असे नाही. वर्षातून एकदा तुरीची किंवा ज्वारीची खरेदी, एक गोदाम, दोन-तीनशे सभासद, एवढाच पसारा असेल तर एक चांगली खरेदी-वही, संगणकावरचा साधा तक्ता आणि जमाखर्चाची साधी आज्ञावली पुरते. जमाखर्चासाठी 'जीएनयूखाता' ही आपल्याच देशात तयार झालेली मुक्त आज्ञावली आहे. दोन एकराला ट्रॅक्टर घेणाऱ्याची जी गत होते, ती अशा कंपनीने ईआरपी घेतल्यावर होईल. दोन-तीन खरेदी केंद्रे, निविष्ठांचे दुकान, जिनिंगला दिलेला कापूस, गाठींचा साठा, गोदाम तारण असा व्यवहार फोफावला म्हणजे मात्र वह्या हाताबाहेर जातात. १७० किलोची गाठ कोणाकोणाच्या कापसातून झाली हे सांगता आले तर पुढच्या बाजारात तिची किंमत करता येते. वहीतून ते शोधायला आठवडा लागतो.

मालदांडी आणि संकरित

आता 'मुक्त' म्हणजे काय? आपल्या रानातले उदाहरण घ्या. मोहोळच्या संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा ज्वारीचा सरळ वाण. त्याचे बी शेतकरी राखून ठेवतो, पुढच्या वर्षी पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो, चांगली कणसे निवडून सुधारतोही. कोणाची परवानगी लागत नाही. संकरित कपाशीचे तसे नाही. बी दर वर्षी पाकीट फोडूनच पेरायचे. आम्ही संकरित वाणांच्या विरुद्ध नाही. जेथे परवडते तेथे जरूर विकत घ्यावे; शेतकऱ्याला तंत्रज्ञान निवडण्याची मोकळीक असलीच पाहिजे. पण विकत घेताना आपल्या हातून काय जाते, हे माहीत असले पाहिजे.

सॉफ्टवेअरचेही असेच दोन प्रकार आहेत. काहींचा मूळ मजकूर बंद. वापरायचे भाडे द्या, आत डोकावू नका. काहींचा मजकूर उघडा. वापरा, तपासा, बदला, दुसऱ्याला द्या. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत ही मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली. टॅली या उघड्या प्रकारातली नाही. पण तिचा एक गुण नाकारता येणार नाही : ती जाणणारा हिशेबनीस तालुक्याच्या गावी सहज मिळतो. ज्या कंपनीचे काम टॅलीवर नीट चालले आहे तिने केवळ तत्त्वासाठी ते मोडू नये, असेच आम्ही सांगू.

चार नावे

मुक्त प्रकारात आज मुख्यतः चार नावे पुढे येतात.

ओडू ही बेल्जियमची. २००५ साली टायनीईआरपी म्हणून निघाली, २०१४ मध्ये ओडू झाली. देखणी आहे, पसाराही मोठा आहे. पण २०१५ पासून तिचे दोन भाग झाले : एक मुक्त, एक विकतचा. पूर्ण जमाखर्च विकतच्या भागात गेला. मुक्त भागात बिले करण्यापुरती सोय राहिली. स्वयंसेवकांनी केलेल्या जोडण्या लावून उणीव भरून काढता येते, पण तेवढा जाणकार माणूस जवळ हवा. विकतच्या भागाचे भाडे माणसामागे मोजले जाते. पाच खरेदी केंद्रांवर पाच पोरे बसविली की पाच भाडी.

ट्रायटन ही २००८ मध्ये त्याच टायनीईआरपीतून फुटलेली फांदी. काम पक्के आणि सगळे मुक्त. पण आपल्या भागात ती जाणणारा माणूस शोधूनही मुश्किलीने सापडेल.

डॉलिबार ही फ्रान्सची. हलकी, साध्या भाड्याच्या जागेवर चालणारी, शिकायला सोपी. मात्र आपल्या जीएसटीची विवरणपत्रे आणि ई-वे बिल यांची सोय स्वतः बसवून घ्यावी लागते.

चौथी ईआरपीनेक्स्ट. ही मुंबईची. रुशभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याचा हिशेब बसविण्याच्या खटपटीतून ती घडविली. जमाखर्चासह सगळी मुक्त आहे. माणसामागे भाडे नाही. जीएसटी, ई-बिल, ई-वे बिल यांसाठी 'इंडिया कम्प्लायन्स' ही जोडणी आहे, तीही मुक्त. शेअरबाजारातील झिरोधा ही दलाल कंपनी ती वापरते, तेव्हा व्यवहाराचा भार तिला पेलत नाही असे म्हणता येणार नाही. उणिवाही आहेत. पडद्यावरचे मराठी सगळीकडे पुरे नाही. राखून ठेवलेली किंमत आणि व्यवहाराच्या प्रमाणातला बोनस हे तिला तयार ठाऊक नसते. ते बसवून घ्यावे लागते. सभासदाची पावती मात्र हवी तशी मराठीत छापता येते.

ज्या कंपनीला खरोखर ईआरपीची गरज आहे, तिने आधी ईआरपीनेक्स्ट पाहावी असे आमचे मत आहे. ती देशी आहे म्हणून नव्हे. पूर्ण जमाखर्च आणि आपला कर हे दोन्ही मुक्त भागातच मिळतात म्हणून.

फुकट काही नसते

बी फुकट मिळाले तरी नांगरट, खुरपणी, राखण चुकत नाही. मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचा खर्च नाही, पण ते ठेवायला यंत्र किंवा भाड्याची जागा लागते, बसवायला जाणकार लागतो, पोरांना शिकवावे लागते आणि नवी आवृत्ती आली की बदल करावे लागतात. 'सगळे फुकटात करून देतो' म्हणून जो येईल त्याला दारातूनच परत पाठवा. हा खर्च एकट्या कंपनीला जड जातो. माढा, करमाळा, बार्शी, मोहोळ येथील चार-पाच कंपन्यांनी मिळून एक जाणकार नेमावा आणि एकच यंत्र घ्यावे. त्यावर प्रत्येक कंपनीची कोठी वेगळी ठेवता येते. एकीचा हिशेब दुसरीला दिसत नाही. बंद सॉफ्टवेअरमध्ये अशी भागीदारी परवान्यावर अडते. येथे ती अडत नाही, हा मुक्त असण्याचा रोकडा फायदा आहे.

दुसरा फायदा कुर्डुवाडीकरांना समजावून सांगायला नको. १८९७ साली बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. तिच्या रुळांतले अंतर अडीच फूट. मोठ्या रेल्वेचे साडेपाच फूट. बार्शीकडून आलेले प्रत्येक पोते कुर्डुवाडीला छोट्या डब्यातून उतरवायचे आणि मोठ्या डब्यात चढवायचे. माल तोच, वाट पुढचीच, पण रूळ जुळत नाहीत म्हणून हमाली. रुंदीकरणाला शंभर वर्षांहून अधिक काळ गेला. हिशेबाचेही रूळ असतात. आज ज्या आज्ञावलीत नोंदी भरल्या, त्या उद्या दुसरीत जशाच्या तशा नेता येत नसतील, तर प्रत्येक सभासदाचे खाते पुन्हा हाताने चढवावे लागेल. आणि ती हमाली नको म्हणून कंपनी जुन्याच भाडेकराराला बांधलेली राहील. म्हणून घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न 'यात काय काय होते?' हा नव्हे. 'सोडायचे म्हटले तर आमच्या नोंदी कशा बाहेर काढायच्या?' हा आहे.

उघड्या दाराची राखण

मुक्त असण्याचा एक धोका आहे, तो लपविण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदलले याचा माग राहिला पाहिजे आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. उत्पादक कंपनी त्यातून सुटत नाही. शिवाय हिशेबाची प्रत रोजच्या रोज भारतात असलेल्या यंत्रावर उतरली पाहिजे आणि आठ वर्षांचे दप्तर जपले पाहिजे. ईआरपीनेक्स्टमध्ये पक्की केलेली नोंद खोडता येत नाही. रद्द करून नवी करावी लागते आणि जुनी दिसत राहते. भारतीय जोडणीत मागाची सोय एकदा चालू केली की बंद करता येत नाही. हे सगळे खरे. पण ज्याचा मजकूर उघडा आहे, तो जाणत्या हाताला बदलताही येतो. तेव्हा मुख्य चावी कोणाकडे, हा प्रश्न यंत्राचा राहत नाही. तो कारभाराचा होतो. जो रोज नोंदी करतो त्याच्याकडे ती असू नये. अध्यक्षांच्या पुतण्याकडे तर नकोच नको.

सोसायट्यांकडे पाहा. जून २०२२ मध्ये केंद्राने ६३,००० प्राथमिक शेती सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपये मंजूर केले. सर्वांना एकच सामाईक आज्ञावली. सोसायटीने निवडायचे काही ठेवले नाही. उत्पादक कंपनीला निवडीचे स्वातंत्र्य आहे. ते आपण वापरले नाही तर उद्या आपल्यासाठीही कोणी तरी निवडून देईल, आणि तेव्हा तक्रार करायला तोंड राहणार नाही.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

शेतकरी भावांनो, बहिणींनो, बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवीत आहोत. त्यांवर आपापल्या कंपनीत आधी बोलून या.

१. कोणतीही आज्ञावली घेण्याआधी संचालक मंडळाने कंपनीला काय नोंदवायचे आहे याची यादी मराठीत, एका कागदावर करावी. त्यात वजन, ओलावा, प्रत, भाव, राखून ठेवलेली किंमत आणि सभासदाचे नाव असलेच पाहिजे.

२. विकणाऱ्याने स्वतःच्या नमुन्याच्या आकड्यांवर नव्हे, तर आपल्या मागच्या हंगामातील पन्नास पावत्यांवर काम करून दाखवावे.

३. करारात लिहून घ्यावे की नोंदी कंपनीच्या मालकीच्या आहेत, आणि करार संपला किंवा भाडे थकले तरी त्या वाचता येतील अशा रूपात परत मिळतील.

४. मुख्य चावी एका माणसाकडे राहू नये. ती कोणाकडे आहे याचा ठराव इतिवृत्तात असावा.

५. रोजच्या प्रतीखेरीज महिन्यातून एकदा संपूर्ण प्रत कंपनीच्या स्वतःच्या डिस्कवर घ्यावी आणि वर्षातून एकदा तिच्यावरून हिशेब पुन्हा उभा राहतो की नाही हे करून पाहावे. न तपासलेली प्रत म्हणजे न उगवलेले बी.

६. पहिला एक हंगाम वही आणि संगणक दोन्ही चालवावे. दोन्हींची बेरीज जुळल्याशिवाय वही बंद करू नये.

७. काट्यावरून उतरताच सभासदाच्या हातात मराठी पावती पडली पाहिजे. वार्षिक सभेत प्रत्येकाला त्याचा वर्षाचा उतारा मिळाला पाहिजे.

यातला सातवा ठराव आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिले सहा पार पाडले आणि सातवा राहिला, तर आपण फक्त सावकाराच्या वहीला वीज जोडली असे होईल. 'शेतकऱ्याला हे जमायचे नाही' असे सांगणारे भेटतील. बचत गटाच्या बाया महिन्याच्या महिन्याला दहा-दहा रुपयांचा हिशेब लिहितात, वाचून दाखवितात आणि चूक निघाली तर जागेवर दुरुस्त करतात. त्यांना जमते ते कंपनीला जमले पाहिजे.

कुर्डुवाडीला येताना प्रत्येक कंपनीने मागच्या हंगामाची खरेदी-वही आणि सध्याच्या सॉफ्टवेअरचा करार, असेल तर, बरोबर आणावा. करार कोणाच्या कपाटात आहे हे ज्यांना शोधावे लागेल, त्यांनी शोधायला आजच लागावे.